घराची घडी मोडणारी

माझी मावशी आयुष्यभर एका कपड्यांच्या दुकानात काच सजवायची. म्हणजे रस्त्याकडच्या मोठ्या काचेमागे जे पुतळे उभे असतात त्यांना कपडे चढवायचे, पाठीमागून टाचण्या लावून ते नेमके बसवायचे, एखाद्याच्या हातात छत्री द्यायची, दिव्याचा झोत कुठे पडतो ते बघायचं. तिला विचारल्याशिवाय मालक काचेतला रुमालसुद्धा हलवत नसे. ती म्हणायची, "कपडा घडीत विकला जात नाही गं, अंगावर विकला जातो."

एकदा लहान मुलीचा पुतळा पडून त्याचा हात निखळला. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. आई गेल्यापासून मावशीच्याच पायापायात असायचे. तिने मला एक झालरीचा फ्रॉक घातला, हातात चेंडू दिला आणि काचेत स्टुलावर बसवलं. "ठकी, हलू नकोस हं," एवढंच म्हणाली. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थबकायच्या, नवऱ्याला कोपराने ढोसून दाखवायच्या, आणि मी डोळेही न मिटता बसायचे. संध्याकाळी मावशीने पाठीवर थोपटलं. शाबासकीच्या त्या दोन थापा मी पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरल्या.

हे आधी सांगायचं कारण पुढे येईल.

मुंगी झाली तेव्हा आम्ही वेल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मुंगी म्हणजे आमची लेक. हे तिचं खरं नाव नाही, पण खऱ्या नावाने तिला कोणी हाक मारत नाही. खाली पत्रा कापायला लागले की वर ही दचकून उठायची आणि मग तासभर रडायची. नवरा दूर पुलाच्या कामावर इंजिनिअर, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मी मुळात काळजीखोर. नवरा म्हणतो, "तू झोपलीस तरी एक कान पहाऱ्याला ठेवतेस." मुंगीचा श्वास मोजणं, दुधाचं तापमान मनगटावर बघणं, कोणी तिला उचललं की त्याची नखं बघणं, हे सगळं माझं चालूच असतं. त्यात ती झोपेना. वजन वाढेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला औषध नको, शांतता द्या."

आणि तेव्हाच मावशी आली आणि तिने टेबलावर किल्ल्या ठेवल्या.

तिच्या सासूबाईंचं एक छोटं घर होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे फरशीचं अंगण. सासूबाई गेल्यापासून बंद. मावशी आणि काका राहायचे शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टच्या इमारतीत.

"भाड्याने मला द्यायचं नाही. परकं माणूस नको त्या घरात," मावशी म्हणाली. "तू जा राहायला. त्या घराची घडी तू मोड."

"किती दिवस?"

"किती दिवस काय? तुझंच समज ना."

आम्ही भाड्याची खोली सोडली.

पहिल्या दुपारी मुंगी त्या घरात झोपली ती थेट संध्याकाळी उठली. मी मध्ये कितीदा तरी तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले, कोणी बघत नाही याची खात्री करून.

त्या घरासाठी मी जे केलं ते आजवर स्वतःसाठी केलं नव्हतं. न्हाणीघरातल्या फरश्यांच्या फटी दात घासायच्या जुन्या ब्रशने घासल्या. करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. पांढऱ्या ट्यूब काढून पिवळे दिवे लावले, पडदे हाताने शिवले, कारण मशीन नव्हतं. खिडक्यांच्या कट्ट्यांवर कुंड्या मांडल्या. मावशी दर आठवड्याला यायची आणि दारातच उभी राहून डोळे बारीक करून बघायची, पूर्वी रस्त्यावर उभी राहून काच बघायची तशी.

"कपाट तिथून हलव. खोली लहान दिसते."

"बरं."

"आणि खाली निम्मीच भांडी ठेव. बाकीची माळ्यावर टाक. दार उघडलं की आत मोकळं दिसायला हवं."

"कोणाला दिसायला हवं?"

"तुलाच गं! तुझ्याच डोळ्यांना गार वाटतं ना."

आमच्या लग्नाचा फोटो मी जिन्याच्या भिंतीवर लावायला घेतला, तर म्हणाली, "खिळे नको ठोकूस. नवा रंग खराब होतो." तिने माणूस पाठवून सगळं घर सायीच्या रंगाचं करून घेतलं होतं. मुंगीची खोली मात्र मला फिकट हिरवी हवी होती, ती तिने मान्य केली. थोडा विचार करून म्हणाली, "चालेल. लहान मुलाची खोली आहे हे कळतं." मला वाटलं, किती समजून घेते ही.

मग तिच्या ओळखीचे लोक मुंगीला बघायला यायला लागले. कधी जुनी मैत्रीण आणि तिची सून, कधी काकांच्या ऑफिसातलं जोडपं. मावशी आदल्या दिवशी फोन करायची. "उद्या येतायत हं. थोडी फुलं ठेव. मुंगीला तो पिवळा फ्रॉक घाल, मी आणलेला. आणि तिच्या झोपेच्या वेळेलाच आणते, म्हणजे तुझी धावपळ नाही."

बाळाला बघायला बाळाच्या झोपेच्या वेळी येणारे पाहुणे मला फार शहाणे वाटले. एक बाई आल्या आल्या सरळ न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला, पाणी गरम येईपर्यंत हात खाली धरून उभ्या राहिल्या. मी नवऱ्याला फोनवर कौतुकाने सांगितलं, "बघ, याला म्हणतात संस्कार. बाळाला हात लावायच्या आधी हात धुतले." तो म्हणाला, "वा, तुझ्या तोडीचं कोणीतरी भेटलं." दुसऱ्या एका गृहस्थांनी मुंगीच्या खोलीतल्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. मुंगी जागी होती, ती खुदकन हसली. त्यांनी आणखी खाली वाकून टकटक केलं, मग खिडकीच्या बाजूला. मी म्हटलं, किती गोड माणूस, लेकरासाठी भिंत वाजवतोय.

माझ्यासारखी बाई, जी दूधवाल्याच्या पिशवीची शिवणसुद्धा तपासते, तिला हे दिसलं नाही. नीट सांगायचं तर सगळं दिसलं. मी फक्त प्रत्येक गोष्टीला मुंगीच जोडत गेले.

याच सुमारास नवऱ्याचा फोन आला. पुलाच्या कामावर कुटुंबासाठी एक क्वार्टर रिकामं झालं होतं. दोन खोल्या, नदीकडे तोंड. "येता का?" त्याने विचारलं. आवाजात हट्ट नव्हता, पण आशा होती, ती मला ऐकू आली.

मी मावशीला विचारलं. ती मुंगीचे कपडे घडी करत होती. हात थांबले नाहीत.

"धुळीत नेतेस लेकराला? सुरुंग लावतात तिथे. इथे ती गाढ झोपतेय आणि तू तिला उठवून नेणार?"

"नाही, पण तो एकटा..."

"पुरुषांना एकटं राहता येतं. तू इथे बस पाय रोवून."

मी नवऱ्याला नाही म्हणून कळवलं. क्वार्टर दुसऱ्या कुटुंबाला मिळालं.

त्यानंतर एका दुपारी दाराची घंटा वाजली. मावशी "एक जोडपं येणार आहे" म्हणाली होती, पण दारात एकटाच माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात मोजायची टेप. मला वाटलं मीटर बघायला आलाय.

"मॅडम अजून यायच्यात? हरकत नाही," असं म्हणत तो बूट काढून आत आलासुद्धा. "तुम्ही त्यांच्या भाची ना? वा! कमाल केलीत हो तुम्ही."

"कसली?"

"घराची! रिकामं होतं तेव्हा मी कितीतरी लोकांना आणलं. दारातूनच परत. आत पाऊल टाकलं की आवाज घुमायचा, माणसं घाबरायची. मी मॅडमना म्हटलं, भाड्याने खुर्च्या-सोफे आणू, घर मांडू. तर त्या म्हणाल्या, नको, मी माणसंच आणते." तो हसला. "तीस वर्षं काच सजवलीय त्यांनी. आम्ही कसले त्यांना शिकवणार!"

मी दाराची कडी धरून उभी होते. कडीला मीच पॉलिश केलं होतं, बोटं सरकत होती.

"बाळ झोपलंय ना? उत्तम. पडदा निम्माच सारा, असा. पाळणा मात्र खिडकीपाशीच राहू द्या. जाहिरातीच्या फोटोत तोच सगळ्यात छान आलाय."

फोटो मावशीने काढले होते. नवऱ्याला पाठवायला, म्हणाली होती.

"घर विकायचंय?" मी विचारलं. माझा आवाज अगदी साधा आला, भाजीवाल्याला भाव विचारावा तसा.

मग त्याने टेप उघडली, परत बंद केली, आणि म्हणाला, "मी... बाहेर थांबतो."

तेवढ्यात मावशी जोडप्याला घेऊन आलीच. बाई माझ्याच वयाची, दिवस भरत आलेले, एक हात कंबरेवर. नवरा तिच्या मागे पिशवी घेऊन. मावशीने माझा चेहरा बघितला, एजंटचा बघितला, आणि तिला कळलं. मग तिने माझ्या खांद्यावरची ओढणी नीट केली आणि त्यांना म्हणाली, "या, या. ही माझी मुलगीच म्हणा."

ते घर बघत फिरले आणि मी मागे मागे. आता मला दुसरंच काहीतरी दिसत होतं. नळ सोडला तो पाण्याचा जोर बघायला. भिंतीवर टकटक केलं ते ओल बघायला. मुंगीच्या खोलीत ती बाई पाळण्यापाशी थांबली. मुंगी मुठी उघड्या टाकून झोपली होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये.

"झोपते का हो नीट इथे?" तिने हळूच मला विचारलं. "आमच्याकडे रस्त्याचा फार आवाज आहे. मला रात्रंदिवस तीच काळजी."

मला खोटं बोलता आलं असतं. वरच्या खोलीला ओल येते, शेजारचे भांडतात, उंदीर आहेत, काहीही सुचलं असतं. पण ती ज्या नजरेने बघत होती ती नजर मला ओळखीची होती.

"झोपते," मी म्हटलं. "आयुष्यात पहिल्यांदा इथेच झोपली."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. आणि माझ्या पाठीवर मावशीचा हात आला. दोन थापा.

ते वर गेले तशी मी मावशीला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू मला बसवलंस इथे."

"हळू बोल. जिन्यात ऐकू जातं."

"मावशी!"

"अगं, रस्त्यावर काढणार होते का मी तुला? सांगणारच होते. एकदा पक्कं झालं की सांगून, तुला चांगली खोली बघून देऊन..."

"क्वार्टरला मी नाही म्हटलं तेव्हा? तेव्हा तुझ्या हातात मुंगीचे कपडे होते."

ती ओट्यावरचं पाणी फडक्याने पुसायला लागली. तिथे पाणी नव्हतं.

"तेव्हा नुसती चौकशी चालू होती."

"पुरुषांना एकटं राहता येतं, म्हणालीस."

"काकांना जिना चढवत नाही, दुसरं घर डोक्यावर कुठवर वागवायचं? आणि तुझं काय वाईट झालं? पोरीने बाळसं धरलं की नाही? या घराने तुला दिलंच ना काही?"

हेच तर सगळ्यात वाईट होतं. दिलं होतं.

"मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का? तुला? झाडलं असतं, घासलं असतं, पडदेसुद्धा शिवले असते गं."

मावशीने फडकं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. होती ती माया, आणि कसबी माणसाची खात्री.

"केलं असतंस. पण दुसऱ्याच्या घरात करतात तसं केलं असतंस. ठकी, असा जीव लावला असतास का? ती हिरवी खोली सुचली असती का तुला? लोक आत आले की थांबतात, कशामुळे? पुतळ्याला कळलं ना, की आपल्या अंगावरचं संध्याकाळी उतरवणार आहेत, तर तो असा उभा राहत नाही."

वरून त्या बाईचं हसणं आलं.

"रविवारी तिचे आईवडील येतायत बघायला. मग होकारच," मावशी हलक्या आवाजात म्हणाली. "तेवढं एकदाच, माझ्यासाठी. पिवळा फ्रॉक घाल. आणि चेहरा असा नको करूस."

नवऱ्याला फोन केला. वाटलं, आता म्हणेल, मी सांगत होतो. पण त्याने विचारलं, "मुंगी जेवली?"

"जेवली."

"मजुरांच्या ओळीत एक खोली आहे. पत्र्याची. आवाज असतो, धूळ असते."

"बघून ठेव."

"ती झोपणार नाही गं तिथे."

"माहितीये," मी म्हटलं.

रविवारी सकाळी टेंपो बोलावला. पडदे उतरवले, पडद्यांच्या कड्यांसकट, कारण कड्या माझ्या होत्या. पिवळे दिवे काढून माळ्यावरच्या पांढऱ्या ट्यूब परत बसवल्या. त्या आधी फडफडल्या, मग खोलीभर दवाखान्यासारखा उजेड पसरला. कुंड्या, चटया, पाळणा, माळ्यावरची निम्मी भांडी. रंग तेवढा तिचा, तो राहू दिला. टेंपोवाला म्हणाला, "ताई, निदान बादली तरी ठेवा मागे, जो येईल त्याला." बादली ठेवली.

मुंगीला मी फरशीवर दुपट्यावर बसवलं होतं. तिच्या झोपेची वेळ होत आली होती, पण आज ती टक्क जागी.

मावशी कागदात गुंडाळलेली फुलं घेऊन आली. दारातून आत आली आणि थांबली.

"हे काय?"

"काय... काय..." घराने म्हटलं.

मुंगीने मान वर केली. मग तिने जोरात "आँ!" केलं. घरानेही केलं. ती दुपट्यावर उड्या मारायला लागली, पुन्हा ओरडली, पुन्हा उत्तर आलं. एवढी ती त्या घरात कधी हसली नव्हती.

मावशी खोलीभर फिरली. खिडकीचा कट्टा तिने हाताने चाचपला, जिथे कुंड्यांच्या बुडांचे गोल डाग उरले होते. ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला बोलता आलं असतं.

"ते निघालेत घरून," ती म्हणाली. "येतीलच आता."

"येऊ देत."

"सामान गेलं तर गेलं. तू थांब. नुसती खिडकीत उभी राहा बाळाला घेऊन, त्यांची गाडी वळेपर्यंत. बाहेरून दिसू दे. आत आल्यावर मी बघते काय सांगायचं ते. ठकी, एवढंच."

आणि मी उभी राहिले. कशी ते मला अजून सांगता येत नाही. तिने मुंगीला उचलून माझ्या कडेवर दिलं, माझा खांदा धरून जरासा उजेडाकडे वळवला, मागे सरकली, डोळे बारीक केले. हात आपसूक पुढे आला आणि तिने माझ्या कपाळावरची बट बाजूला केली.

"हां. आता हलू नकोस."

रस्त्याच्या टोकाला गाडी वळली. काचेतून मला ती बाई दिसली. तिने हात केला, खास मुंगीसाठी, बोटं हलवून.

मग मी पिशवीतला पिवळा फ्रॉक बाहेर काढला, धुऊन इस्त्री केलेला. तो कट्ट्यावर ठेवला, डागांच्या मधोमध, आणि बाहेर पडले. मावशीने मागून हाक मारली नाही. फुलांच्या कागदाचा चुरचुर आवाज तेवढा आला.

फाटकापाशी ती बाई आईवडिलांचा हात धरून गाडीतून उतरत होती. "अय्या, आज जागी आहे की!" तिने मुंगीचा पाय धरला. मग टेंपोत उलटा ठेवलेला पाळणा तिला दिसला. "तुम्ही कुठे निघालात?"

"आम्ही राहत होतो इथे," मी म्हटलं. "मला वाटत होतं, घर आमचंच आहे. विकायला काढलंय ते मला तुम्ही बघायला आलात त्याच दिवशी कळलं."

तिचा हात मुंगीच्या पायावरून फाटकावर गेला आणि तिथेच राहिला. तिच्या आईने विचारलं, "काय झालं गं?" ती माझ्याकडेच बघत होती. तिला काय वाटलं, पुढे त्यांनी ते घर घेतलं की नाही, हे मी कोणाला विचारलं नाही.

मी टेंपोत बसले. मुंगी मागे वळून घराकडे बघत ओरडत होती, उत्तराची वाट बघत. दारातून मावशीचा आवाज आला, नेहमीचा, गोड, काचेमागून पुढे आलेल्या बाईचा.

"या, या!"

रिकाम्या घराने तेच दोनदा म्हटलं, आणि फाटकापाशी कोणीच हललं नाही.